फोन कोणता ते नंतर, आधी कार्ड फेडा

पिंपरीहून एका वाचकाने लिहिलंय: "हातात ५२,००० पगार येतो. तीन महिन्यांनी घरी बाळ येणार आहे. त्याचे फोटो छान यावेत म्हणून १,२०,००० चा फोन क्रेडिट कार्डावर २४ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने घेऊ की २८,००० चा? दुकानदार म्हणतो, दोन वर्षांनी एक्स्चेंजमध्ये निम्मे पैसे सुटतील. कार्डावर ८५,००० बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू न चुकता भरतो. बाळंतपणासाठी १,२०,००० ची एफडी आहे, तिला हात लावायचा नाही."

२८,००० चा घ्या. तोही लगेच नाही. आता तुम्ही ओघात लिहून गेलात त्या कार्डाकडे येऊ.

कार्डाचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के. ८५,००० वर तीन हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन हजार. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तुम्ही भरत असाल साडेचार हजार. बाकीतून जेमतेम हजार कमी होतात. व्याजाचेच वर्षाला चाळीसेक हजार झाले. म्हणजे दर वर्षी एक बऱ्यापैकी फोन तुम्ही आत्ताही घेताय, फक्त तो बँकेत जमा होतोय. मिनिमम ड्यूने लेट फी वाचते, व्याज थांबत नाही. उलट बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. कार्डावर किराणा भरलात तरी त्याच दिवसापासून मीटर सुरू.

आणि एफडी? साडेसहा टक्के धरा, वर्षाला आठ हजारही नाहीत. बाळंतपणाची काळजी खोटी नाही. पण एफडी मोडून कार्ड पूर्ण फेडलंत तरी ३५,००० उरतात; मुदतीआधी मोडल्याचं व्याज थोडं कापलं जाईल, जाऊ द्या. आता कार्डाला जाणारे साडेचार हजार आणि फोनच्या हप्त्याला काढणार होतात ते पाच, दोन्ही बाजूला टाका. तीन महिन्यांत २८,५०० होतात. म्हणजे हाताशी साठ हजारांच्या वर. ऑफिसच्या गट विम्यात बाळंतपण धरलंय का आणि किती रकमेपर्यंत, हे उद्याच एचआरला विचारा. मोकळं झालेलं कार्ड अडीअडचणीला आहेच, फक्त पुढच्या बिलाला ते पूर्ण भरायचं.

नो-कॉस्टचं एकदाच सांगतो. बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून ते दिसत नाही. व्याजावरचा जीएसटी मात्र तुमच्याच खिशातून. १६ टक्के व्याजदर धरला तर हा जीएसटी तीन हजारांच्या वर, शिवाय प्रोसेसिंग फी. तुमच्या बाबतीत वर आणखी एक: पाच हजारांचा हप्ता मिनिमम ड्यूत पुरता मिळवला जातो. साडेचारचे साडेनऊ होतील. एक्स्चेंजचे निम्मे पैसे? मी हिशेबात शून्य धरतो. दुकानदाराकडून ते लिहून मागा, चेहरा बघा.

बाळाच्या फोटोंना लाखाचा कॅमेरा लागत नाही, उजेड लागतो. २५-३० हजारांत ओआयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असलेला मुख्य कॅमेरा मिळतो, तो बघा. स्टोरेज २५६ जीबीच घ्या, व्हिडिओंनी १२८ वर्षभरात भरेल. अपडेट किती वर्षं मिळणार तेही विचारा. सॅमसंगने ए५६ या मधल्या किमतीच्या फोनसाठी सहा वर्षं सांगितली आहेत, म्हणजे हे फक्त महागड्या फोनचं कौतुक राहिलेलं नाही. दवाखान्याचं बिल चुकतं झालं की रोख घ्या. तोवर हातातल्या फोनची लेन्स पुसून फोटो काढा.

एफडी मोडायला गेलात की काउंटरवर कोणीतरी "कार्डाची बाकी ईएमआयमध्ये करून देऊ का?" म्हणेल. नको म्हणा.