फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना ३२ आधी वजा करायचे की नंतर?

तुम्ही विचारलंय की ३२ आधी वजा करायचे की ५/९ ने गुणून झाल्यावर. शाळेत मलाही सूत्र पाठ होतं, पण ऐनवेळी क्रम आठवायचा नाही. मग मी सूत्राचा नाद सोडला आणि फक्त पाणी लक्षात ठेवलं.

पाणी गोठतं ० अंश सेल्सिअसला, म्हणजेच ३२ फॅरनहाइटला. उकळतं १०० ला, म्हणजेच २१२ ला. तेवढंच अंतर एकीकडे १०० पावलांत कापलं जातं, दुसरीकडे १८० पावलांत. म्हणून सेल्सिअसचा एक अंश १.८ फॅरनहाइटएवढा. फॅरनहाइटवरून येताना आधी गोठणबिंदूपाशी या, म्हणजे ३२ वजा करा, आणि मगच १.८ ने भागा (५/९ ने गुणणं म्हणजे हेच). १०४ चा ताप? १०४ मधून ३२ गेले, ७२ उरले, भागिले १.८, बरोबर ४०.

उलट जाताना तोंडी हिशोब असा: दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग काढा, ३२ मिळवा. ३७ चे ७४, त्यातून ७.४ गेले, ६६.६, अधिक ३२, झाले ९८.६.

आता जिथे जाणती माणसंही चुकतात ते सांगतो. ताप १०४ वरून १०२ वर आला, तर सेल्सिअसमध्ये तो किती उतरला? इथे ३२ ला हातच लावायचा नाही. आपण पावलं मोजतोय, शून्य कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. २ भागिले १.८, साधारण १.१ अंश. हाच २ आकडा सूत्रात घातला तर उत्तर येतं उणे १६.७, म्हणजे ताप उतरायच्या ऐवजी चढला!

केल्विन, म्हणजे विज्ञानात वापरतात ते तापमानाचं माप, सगळ्यात सोपं. पाऊल सेल्सिअसएवढंच, शून्य तेवढं २७३.१५ ने खाली, त्यामुळे नुसती बेरीज. (केल्विनला 'अंश' लावत नाहीत.) पण 'दुप्पट गरम' हा शब्द वापरायचा तर केल्विनमध्येच वापरा, कारण तिथलं शून्य हेच तापमानाचं खरं शून्य. १० अंश सेल्सिअसवरून २० वर गेलो की आकडा दुप्पट होतो, तापमान नाही, ते २८३.१५ वरून २९३.१५ होतं, म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के वाढ.

आपलं गणित बरोबर आलं का हे तपासायचं असेल तर उणे ४० घालून बघा. तिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही आकडे एकच येतात. तुमच्या क्रमाने वेगळं काही आलं, तर ३२ चुकीच्या जागी गेलेत.