जुन्या टेबल सॉला नवी रिप फेन्स लावावी का?

तुमच्या जुन्या दहा इंची टेबल सॉची (टेबलातून वर येणाऱ्या गोल पात्याच्या करवत-यंत्राची) फेन्स, म्हणजे लाकूड जिला टेकवून सरळ कापतात ती पट्टी, खटका आवळताना मागच्या टोकाला सरकते आणि लाकडाची कड जळते, म्हणून वेगळी मिळणारी टी-स्क्वेअर पद्धतीची फेन्स बसवावी का, असे तुम्ही विचारले आहे. अवश्य बसवा, मात्र आधी पाते तपासा. इंदूरला माझ्या छोट्या कारखान्यात नवी फेन्स लागल्यावरही सागाची कड काळीच पडत राहिली आणि दोन दिवस फेन्सला नावे ठेवल्यावर कळले की मायटर गेजच्या (आडव्या कापासाठीच्या सरकत्या आधाराच्या) टेबलातल्या खाचेशी पातेच समांतर नव्हते.

प्लग काढून पात्याच्या एका दातावर खूण करावी, तो दात पुढे आणून खाचेपासूनचे अंतर डायल गेजने (बारीक फरक काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने) मोजावे आणि पाते फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजावे. दात तोच असल्यामुळे पात्याचा बाक मापात शिरत नाही. माझ्याकडे फरक ०.६ मिमी निघाला, तो मी ०.१ मिमीच्या आत आणला. कॅबिनेट प्रकारच्या, म्हणजे पाते खालच्या पेटीला जोडलेल्या, यंत्रात यासाठी वरचे टेबल सैल करून सरकवता येते. इतरांत बहुधा टेबलाखाली आडवे पडून बोल्ट सैल करावे लागतात, आणि ते काम कंटाळवाणेच आहे.

जुन्या फेन्स पुढे आणि मागे अशा दोन्ही टोकांना आवळल्या जातात, त्यामुळे एक टोक आधी धरले की दुसरे तिरके होते. टी-स्क्वेअर फेन्सचे रुंद डोके फक्त टेबलाच्या पुढच्या कडेच्या रुळाला घट्ट बसते, म्हणून एकदा स्क्रूने लावलेली समांतरता दर वेळी तशीच मिळते. ती खाचेला समांतर लावावी. मागचे टोक पात्यापासून किंचित, ०.१ मिमीच्या आसपास, दूर राहिले तर चालेल, पण पात्याकडे कधीही झुकू देऊ नये, कारण मग लाकूड मागच्या दातांवर दाबले जाऊन उलटे अंगावर येते.

खरी कसरत रूळ बसवण्यात आहे. पुढचा रूळ खाचेच्या तळापेक्षा खाली हवा, नाहीतर मायटर गेजची पट्टी त्याला अडते. बिडाच्या टेबलाला आधीपासून आटे असतील तर ते इंची आहेत की मिलिमीटरचे, हे आधी पाहावे: ५/१६ इंची भोकात ८ मिमीचा बोल्ट दोन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. इंदूरच्या सियागंज बाजारातून मी आणलेले आठही बोल्ट याच कारणाने परत करावे लागले.

लांब रुळाचा मोह मात्र आवरावा. ८ बाय ४ फुटी प्लायच्या रुंदीचा मध्य ६१० मिमीवर येतो, म्हणून पात्यापासून फेन्सपर्यंत ७५० मिमीची पोच घरगुती कामाला पुरते. रुळावरची मापपट्टी सर्वांत शेवटी, नेहमीचे पाते लावून, एक तुकडा प्रत्यक्ष कापून मोजल्यावरच चिकटवावी.