शिक्षकांच्या नावाखालच्या ओळी

चि.स अनेक आशीर्वाद.

सायबर कायदा आणि धोरणाच्या डिप्लोमाचं माहितीपत्रक पाठवलंस, ते वाचलं. फी, हॉस्टेल, प्लेसमेंट यांवर तू खुणा केल्या आहेस. शिक्षकांच्या नावांखालच्या ओळी मात्र तशाच सोडल्यास. मी उलट करतो. कोण कुठून आलाय ते आधी बघतो.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदाच २००० सालचा. त्यामुळे आज शिकवणारे बहुतेक ज्येष्ठ हा विषय कॉलेजात शिकलेलेच नाहीत. कुणी पोलिसातून आला, कुणी वकिलीतून, कुणी बँकेच्या सर्व्हर रूममधून.

याने काय फरक पडतो? जालन्याचा खटला घे. २०१४च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल हायकोर्टात गेले. वाद एवढाच, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर. पुरावा म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. सीडी मिळाल्या, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचं, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळेना. १४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं: प्रमाणपत्र लागतंच, मूळ यंत्रच हजर केलं तर गोष्ट वेगळी, आणि कुणी देतच नसेल तर कोर्टाला अर्ज करून ते मागवून घ्या.

वकील हा निकाल परिच्छेद क्रमांकासकट शिकवेल. पोलिसातला माणूस विचारेल, असा कॅमेरा जप्त करताना पंचनाम्यात सिरियल नंबर घेतला का, सील कुणासमोर लावलं? आणि फॉरेन्सिकवाला विचारेल, कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का? सगळा खटला तीनच्या ठोक्यावर उभा, पण हा प्रश्न पहिल्या दोघांना सुचेलच असं नाही.

१ जुलै २०२४ पासून त्या ६५ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचा भाग अ पक्षकाराने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, लिहायची. म्हणून म्हणतो, ज्या तांत्रिक शिक्षकाची साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उलटतपासणी झालेली आहे त्याला झुकतं माप दे. नावापुढच्या सर्टिफिकेटांच्या शेपटीचं मला फारसं कौतुक नाही.

धोरण शिकवणाऱ्यांचंही तेच. सर्ट-इन ही सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवायचं आणि लॉग, म्हणजे यंत्रांतल्या नोंदी, १८० दिवस जपायचे. सरकारी बाजूचा माणूस यामागची निकड सांगेल. रात्री दोनला तो अहवाल भरणारा सांगेल की तेवढ्या वेळात नेमकं काय घडलंय हेच धड कळलेलं नसतं. दोघंही खरं बोलतात, म्हणून दोघंही हवेत.

डेमो लेक्चरला जाशील तेव्हा एक प्रश्न विचार. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचं २०२१मध्ये त्याच कोर्टापुढे आलं. असं का झालं? ‘पोलिसांना कायदा कळत नाही’ म्हणून कुणी हात झटकले तर समजून जा. ठाण्यात एफआयआरला कलमं कोण लावतं, निकाल तिथवर कसा पोचतो किंवा पोचत नाही, हे कुणी उलगडून सांगायला लागला, तर त्याचे तास बुडवू नकोस. काय उत्तर मिळालं ते मला कळव.

तुझा,
काका