उष्णकटिबंधीय जंगलाच्या रचनेत खरंच गणिती सूत्र सापडतं का?

हो, पण ढोबळ. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर १९८० च्या दशकापासून ५० हेक्टरांतलं किमान १ सेंटिमीटर जाडीचं प्रत्येक झाड ठरावीक वर्षांनी मोजतात. दोन लाखांवर खोडं, सुमारे ३०० जाती! सिद्धांत सांगतो: व्यास दुप्पट, तर तेवढ्या जाडीची झाडं साधारण एक चतुर्थांश. कारण झाडाला लागणारं पाणी आणि प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. लहान-मध्यम झाडं याच्या बऱ्यापैकी जवळ जातात. महावृक्ष मात्र अपेक्षेपेक्षा कमी भरतात. वारा आणि वीज त्यांनाच आधी गाठते. मला ही तफावतच सर्वांत मोलाची वाटते, कारण जंगलातला बराचसा कार्बन याच थोड्या झाडांत साठलेला असतो.