खरेदीखत देऊन नवं-जुनं करू नका

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. धाराशिवकडची पाच एकर सोयाबीन सप्टेंबर २०२५ च्या पुरात गेली. पीककर्ज १,६०,००० रुपये, भरायचं मार्चअखेर. हाताशी सरकारी मदतीचे ३७,००० आणि वहिनींच्या पिठाच्या गिरणीतले ५०,०००. उरलेले ७३,००० सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी उचलून नवं-जुनं करावं, म्हणजे जुनं कर्ज भरून बँकेकडून नवं घ्यावं, की बँक देतेय ते तीन वर्षांचं पुनर्गठन, म्हणजे त्याच कर्जाचे लांबवलेले हप्ते, घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

नुसता हिशेब मांडला तर सावकार स्वस्त दिसतो, हे मी लपवत नाही. मुदतीत भरलं की केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याजसवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज बिनव्याजी पडतं. सावकाराचे महिन्याला २,१९० रुपये. बँकेनं तीन महिन्यांत नवं कर्ज दिलं तर साडेसहा हजारांत काम भागतं. पुनर्गठनात पहिलं वर्ष हप्ता नाही, पण सात टक्क्यांनी ११,२०० व्याज लागेल. पुढे सर्वसाधारणपणे बँकेचा नेहमीचा दर. तो साडेनऊ धरला आणि ८०,००० चे दोन हप्ते धरले, तर तीन वर्षांत एकूण ३४,००० जातील.

तरीही मी पुनर्गठनच घ्या म्हणतो. कारण तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलेली ओळ: सावकार दोन एकरांचं खरेदीखत मागतोय. ‘पैसे फेडले की परत लिहून देतो’ हे तोंडी, आणि खरेदीखत मात्र नोंदणीकृत. नवं कर्ज लांबलं, पाऊस चुकला, तर व्याज राहील बाजूला, जमीनच जाईल. सावकारी कायदा २०१४ चा आहे, जिल्हा उपनिबंधकांकडे दाद मागता येते. पण त्यात वर्षं जातात आणि तेवढा काळ पेरणार कुठे?

गिरणीच्या पैशाला हात लावू नका. पुरानंतर घरात रोज पैसा आणणारी तीच एक गोष्ट आहे. मदतीचे ३७,००० बियाण्या-खताला ठेवा; त्यातून बँकेला वसुली करता येत नाही, तसे शासनाचे आदेश असतात.

पुनर्गठनाच्या कागदावर सही मार्चअखेरच्या मुदतीआत करा, म्हणजे खातं थकबाकीत जाणार नाही. खरिपाच्या नव्या पीककर्जाचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि त्याची पोच घ्या. दुसऱ्या वर्षीचा व्याजदर लेखी मागा. मुदतीआधी भरल्यास दंड आहे का, हेही विचारा. नसेल तर दिवाळीत सोयाबीन विकल्यावर जमेल तेवढं मुद्दल भरा, ३४,००० चा आकडा बराच खाली येईल.

सही केली तर कर्जमाफी हुकेल, ही तुमची भीती मला समजते. २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकलेली पुनर्गठित पीककर्जंही धरली होती. पुढच्या योजनेच्या अटी काय असतील त्यावर मात्र घर चालवू नका.

सावकाराला या आठवड्यातच नाही म्हणून कळवा, आणि वहिनींना शेजारी बसवूनच कळवा.