टॅग घेण्याआधी त्याची पाटी वाचा

तळोज्याच्या केमिकल प्लांटमध्ये कामगारांच्या लोकेशन टॅगचं (कोण कुठे आहे ते कळवणाऱ्या बिल्ल्यांचं) काम मिळालंय ना, छान! कॅटलॉग नंतर उघडा. आधी सेफ्टीवाल्यांकडून एरिया क्लासिफिकेशनचं, म्हणजे स्फोटक गॅस कुठे असू शकतो ते दाखवणारं, ड्रॉइंग मागा. झोन ० (स्फोटक गॅस सतत), १ (अधूनमधून) की २ (क्वचित), गॅस ग्रुप (किती सहज पेटतो त्यानुसार गट) कुठला, ते त्यावर कळतं. हायड्रोजन असेल तर साहजिकच ग्रुप टू-सी (IIC, सगळ्यात सहज पेटणाऱ्या गॅसचा) बघायचा.

नवखे हमखास इथे चुकतात:

– आयपी ६७ म्हणजे स्फोटापासून सुरक्षित, हा समज. तो फक्त धूळ-पाण्याचा आकडा. मीही यातच फसलो होतो. रबाळ्याहून अख्खा लॉट परत पाठवावा लागला, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

– टॅग तपासला, पण टॅगचा सिग्नल टिपणारा भिंतीवरचा रीडर आणि त्याची केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथला घट्ट जोड) विसरले. तीही त्याच झोनमध्ये असतात, बरं का.

– सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी ‘एक्स’ असेल तर वापराच्या खास अटी आहेत. त्या वाचाच.

युरोपचं एटेक्स (स्फोटक जागेतल्या उपकरणांचं सर्टिफिकेट) दाखवून विक्रेता गप्प बसवेल. तुम्ही पेसोची (स्फोटक सुरक्षेच्या आपल्या केंद्र सरकारी संस्थेची) मंजुरी मागा. पाटीवरचं टी४ म्हणजे उपकरणाच्या पृष्ठभागाचं तापमान कमाल १३५ अंश, एवढं सध्या पुरे. इंट्रिन्सिक सेफ्टीची (ठिणगीने गॅस पेटूच नये इतकी कमी वीज ठेवण्याची) गणितं पुढच्या वर्षी.