छत्रपती संभाजीनगरमध्ये मित्रांसोबत पहिल्यांदाच पबमध्ये दुपारच्या जेवणाला जातोय. जावं का, आणि गेलो तर काय लक्षात ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही मूळचे परभणीचे, शेंद्र्याला नोकरी लागून चार महिने झाले. ऑफिसातली मंडळी, त्यात दोन मुलीही, रविवारी दुपारी कॅनॉटकडच्या एका पबमध्ये जेवायला चला म्हणतायत. तुम्ही बिअर क्वचितच घेता, आणि घरी कळलं तर काय, ही धास्ती आहे.

जा. दुपारची वेळ ठरवली हे तर फारच चांगलं केलं.

मी वाळूजच्या एका बिअर कारखान्यात गुणवत्ता विभागात बावीस वर्षं काढली. त्यामुळं बिअरबद्दल दोन गोष्टी खात्रीनं सांगू शकतो. पण आधी बसण्याच्या जागेबद्दल, कारण माझ्या मते खरा फरक तिथंच पडतो.

आमच्या तालुक्याच्या गावी स्टँडच्या मागं एक परमिट रूम होती. काळ्या काचा, भर दुपारी आत लाल बल्ब, प्लायवूडचे कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला हिरवा पडदा. माझे थोरले चुलते मोंढ्यात कापूस घालून आले की तिथं जात. उपाशीपोटी. भिंतीकडं तोंड करून बसायचे, वीस मिनिटांत उरकायचे आणि मागच्या दारानं बाहेर पडायचे. कुणी पाहू नये म्हणून घाई, आणि घाईत पोटात काय आणि किती गेलं याचा हिशोब नाही. जेवायला घरी येईपर्यंत जेवायची शुद्ध राहिलेली नसायची. काकू ताट झाकून बसलेल्या असायच्या. चुलते माणूस म्हणून वाईट नव्हते. लपून प्यायच्या त्या पद्धतीनंच त्यांचं जास्त वाटोळं केलं, असं मला आजही वाटतं.

दुपारच्या पबमध्ये याच्या बरोबर उलटं असतं. दोन वर्षांपूर्वी माझा मेव्हणा आणि त्याची बायको लातूरहून आले होते, त्यांना घेऊन आम्ही दोघं गेलो. वहिनी दारातच थबकल्या. आत अंधार असणार, ओळखीचं कुणी बघणार, अशी त्यांची कल्पना. आत गेल्यावर खिडकीपाशी टेबल मिळालं, शेजारच्या टेबलावर एक आजोबा नातवाला पिझ्झा भरवत होते. वहिनी हळूच म्हणाल्या, "दाजी, इथं तर सगळं लख्ख दिसायलंय की!" त्यांनी फ्रेश लाइम सोडा घेतला, मेव्हण्यानं एक बिअर, आणि आम्ही अडीच तास बोलत बसलो. त्या घरातल्या जमिनीच्या वाटणीचा विषय चार वर्षं कुणी काढत नव्हतं, तो त्या टेबलावर निघाला आणि शांतपणे बोलून झाला. एकमेकांसमोर उजेडात बसलेली माणसं हळू पितात, हळू बोलतात. म्हणून शक्य असेल तर खिडकीजवळचं टेबल मागा आणि पाऊण-एकपर्यंत पोचा. दीडनंतर रविवारी गर्दी होते, आणि काही ठिकाणी किचन साडेतीनच्या सुमारास बंद होतं.

आता जेवण. बसल्या बसल्या पहिली ऑर्डर खाण्याची द्या, ग्लासाची नंतर. मसाला पापड आणि खारे दाणे हे जेवण नव्हे. मीठ जितकं जास्त तितकी तहान जास्त, आणि ती तहान मग बिअरवर काढली जाते. चिकन चिली, पनीर टिक्का, क्रिस्पी कॉर्न काय हवं ते सांगा, पण सोबत तंदुरी रोटी किंवा दाल खिचडी सुरुवातीलाच सांगून ठेवा. पोटात भात-पोळी असली की दारू रक्तात सावकाश उतरते. आपल्याकडं आधी पिणं आणि शेवटी जेवण अशी रीत पडलीय, ती उलटी करा. इथला नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, मात्र पबच्या मेन्यूत शोधू नका, त्यासाठी जुन्या शहरात वेगळी फेरी मारा, ती चुकवू नका.

बिअर मागवताना वेटर विचारेल, "स्ट्राँग का माइल्ड?" माइल्ड सांगा. हा नुसता चवीचा प्रश्न नाही. माइल्डमध्ये अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत असतं, स्ट्राँगमध्ये आठपर्यंत. ६५० मिलीच्या आठ टक्के स्ट्राँग बाटलीत ५२ मिली शुद्ध अल्कोहोल येतं. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण २६ मिली असतं. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन लार्ज पेग. "मी फक्त एक बिअर घेतलीय" म्हणणाऱ्याला हा हिशोब कुणी सांगितलेला नसतो. आमच्या लॅबमध्ये नवीन पोरं यायची, त्यांनाही पहिल्या आठवड्यात हे खरं वाटायचं नाही. तुम्ही क्वचित घेणारे आहात, तर ३३० मिलीची पाइंट घ्या आणि ती जेवणभर पुरवा. एकावर एक फुकटची ऑफर असेल तर दुसरी टेबलावरच्या दुसऱ्या कुणाला तरी द्या.

बाटली उघडण्याआधी लेबलवरची तारीख बघा. बिअर जुनी होऊन मुरत नाही, खराब होते. सहा महिन्यांच्या आतली हवी, आणि दोन-तीन महिन्यांतली मिळाली तर चव वेगळीच लागते. जुनी झाली की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. ग्लासही बघा. बिअर ओतल्यावर आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले आणि फेस लगेच विरला, तर ग्लास तेलकट आहे किंवा साबण नीट निघालेला नाही. स्वच्छ ग्लासात फेस टिकतो, आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर पांढरी कडी उमटत जाते. "दादा, ग्लास बदलून द्या" म्हणायला संकोच करू नका. बर्फ टाकू नका.

पाण्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. तुमच्या टेबलावरची बाटली बहुतेक वाळूजचीच असेल, आणि तिच्यातलं पाणी जायकवाडी धरणाचं, म्हणजे नाथसागराचं. एक लिटर बिअर तयार व्हायला साधारण चार लिटर पाणी लागतं. बाटल्या धुणं, टाक्या धुणं, वाफ, सगळं धरून. २०१६ च्या उन्हाळ्यात नाथसागर मृतसाठ्यात गेला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं आणि मे महिन्यात साठ टक्क्यांनी कापायला लावलं. आमच्या काही लाइन बंद होत्या. मी दिवसपाळी करून गावी जायचो तेव्हा आई दोन घागरी घेऊन टँकरच्या रांगेत असायची. मी कुठं काम करतो हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही बोललं नाही, पण मला मान वर करून बघवत नव्हतं. निकाल योग्य होता, असं मी तेव्हाही म्हणत होतो. तेव्हापासून मी ग्लासात अर्धी बिअर टाकून उठत नाही आणि कुणी टाकली तर मला राहवत नाही. लागेल तेवढीच मागवा.

आणि प्यायचं पाणी मात्र भरपूर प्या. बिअरनं लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिसाच्या वर असतो. एसीतून तीन वाजता जालना रोडवर आलात की डोकं गरगरलंच म्हणून समजा. प्रत्येक ग्लासामागं एक ग्लास पाणी.

तुम्हाला घ्यायचीच नसेल तर घेऊ नका, आणि कारण सांगत बसू नका. आपल्या मराठवाड्यात आग्रह करकरून जेवू घालायची पद्धत आहे, ती मला फार प्रिय आहे. पण तोच आग्रह लोक ग्लासाला लावतात, शपथा घालतात, हे मला अजिबात पटत नाही. बसल्याबरोबर स्वतःच लाइम सोडा किंवा ताक मागवून हातात धरा. हातात ग्लास दिसला की विचारणारे निम्मे गप्प बसतात. सोबतच्या मुलींनी काही घेतलं किंवा नाही घेतलं, त्यावर टेबलावर चर्चा होऊ देऊ नका. त्यांचे फोटो त्यांना न विचारता स्टेटसला टाकू नका. तुम्हाला घरची जेवढी धास्ती आहे, त्याच्या दुप्पट त्यांना असू शकते.

घरी सांगायचं का, हे तुम्ही ठरवा. मी माझ्या आईला सांगितलं होतं, "कारखान्यातल्या लोकांसोबत जेवायला गेलो होतो, एक बिअर घेतली." ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जेवलास ना पण नीट?"

कायद्याचं थोडक्यात. राज्यात बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की-रमसाठी २५. ओळखपत्र जवळ ठेवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणं पिण्याचा परवानाही लागतो. 'परमिट रूम' हे नाव त्यावरूनच आलंय. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, मी हजार रुपये भरून आजीवन काढून ठेवलाय.

बिल आलं की वाचा. खाण्यावर पाच टक्के जीएसटी आणि मद्यावर व्हॅट वेगळा दिसेल. बारमधला हा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून पाचवरून दहा टक्के झाला. बाटली दुकानापेक्षा दीडपट-दुप्पट महाग पडते, ते जागेचे आणि सेवेचे पैसे आहेत. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. आपोआप लावला असेल तर काढायला सांगू शकता. मी तो काढायला लावतो आणि तेवढे पैसे वेटरच्या हातात देतो. गेल्या वेळी आम्हाला वाढणारा मुलगा भोकरदनकडचा होता, दोन एकर कोरडवाहू सोडून आलेला. बिल वाटून घेणार असाल तर न पिणाऱ्यावर बाटल्यांचा वाटा टाकू नका, हे पहिल्यांदाच बोलून घ्या.

गाडी नेऊ नका. एक पाइंट घेतली तरी नेऊ नका. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय जालना रोडवरची वाहतूक तुम्ही रोज बघताच. तिघांत एक रिक्षा करा, किंवा न पिणाऱ्याकडं चावी निघतानाच द्या, परतताना नाही. परतताना कुणी चावी देत नाही, हा माझा अनुभव आहे.

एवढं करून एकदा कॅलेंडर बघून घ्या. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि आषाढी एकादशीला ड्राय डे असतो, मतदान संपायच्या आधीचे ४८ तासही. तुमचा रविवार त्यात आला तर बेत रद्द करू नका, टेबल तसंच राहू द्या, किचन चालू असतं.